खोदलेली माती कुठे गेली? जुळे सोलापुरातील एका पेव्हर ब्लॉकच्या कामाचा प्रकरण अभ्यास

सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागातील एका बंगल्यात, फाटकापासून गाडीच्या शेडपर्यंतच्या वाटेवर डिसेंबर महिन्यात पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले आणि पुढच्या सप्टेंबरातील पावसात ती वाट खचली. घरमालकांच्या विनंतीवरून ते काम मी तीन ठिकाणी उकलून पाहिले, मोजमाप केले आणि पुढे ठेकेदाराशी झालेल्या बोलणीलाही हजर राहिलो. त्यांच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. दोन्ही पक्षांची नावे दिलेली नाहीत. रक्कम लाखाच्या आतली आहे. एवढ्या कामासाठी सहसा कोणी लेखी करार करत नाही, वकिलाकडे जात नाही आणि नुकसान झाले तर ‘जाऊ द्या’ म्हणून सोडून देतो. अप्रामाणिक ठेकेदाराचा सगळा व्यवहार याच ‘जाऊ द्या’वर चालतो, म्हणून अशा लहान कामाचा हिशेब एकदा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आणि टनांपर्यंत जाऊन मांडणे मला आवश्यक वाटते.

घरमालक निवृत्त शिक्षक आहेत; घरात ते आणि त्यांच्या पत्नी असे दोघेच राहतात. वाट ४८ फूट लांब व १२ फूट रुंद, शेड १६ बाय १८ फूट, म्हणजे एकूण क्षेत्रफळ ८६४ चौरस फूट. खाली काळी माती आहे आणि ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. आधी त्या वाटेवर नुसता मुरूम होता आणि पावसाळ्यात चिखल होई. आणखी एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली: नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे उन्हाळ्यात या घरी पाच हजार लिटरचा टँकर येतो आणि तो फाटकातून आत, हौदापर्यंत नेला जातो.

ठेकेदार स्वतःहून दारात आला होता. “काका, मागच्या गल्लीत आमचंच काम चालू आहे. मशीन, माणसं सगळं इथंच आहे. गड्ड्याच्या आधी करून देतो की, वाहतूक वाचतीय तेवढा दर कमी लावतो,” असे त्याचे बोलणे. गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. संक्रांतीला पाहुणे येणार होते, त्यामुळे ही मुदत सोयीची वाटली. मागच्या गल्लीतले काम दुसऱ्याच ठेकेदाराचे होते, हे फार उशिरा कळले. तेथे जाऊन त्या घरच्या माणसांशी दोन शब्द बोलले असते तर प्रकरण तेथेच संपले असते. दारात आलेला प्रत्येक माणूस फसवायलाच येतो असे मी म्हणणार नाही, पण ‘शेजारी काम चालू आहे’, ‘माल उरला आहे’, ‘आजच ठरवा, उद्या मशीन दुसरीकडे जाणार’ या तीन वाक्यांचा हेतू एकच असतो: घरमालकाने दुसऱ्या कोणाला विचारू नये.

येथे तर दुसरा दर हाताशी होता. परिचयातल्या एका ठेकेदाराने चौरस फुटाला ११५ रुपये सांगितले होते, तर या गृहस्थाने ‘सगळं धरून’ ९० रुपये सांगितले. दोन दरांतील फरकापेक्षा मला दुसरा फरक मोठा वाटतो. पहिल्या ठेकेदाराने टँकर आत येतो का, खाली काळी माती किती खोल आहे आणि पावसाचे पाणी कोणत्या बाजूला काढायचे, असे विचारले होते. दुसऱ्याने काहीच विचारले नाही. ज्याला खालचे थर प्रामाणिकपणे करायचे आहेत, त्याला वरून कोणते वाहन जाणार हे विचारल्याशिवाय दर सांगताच येत नाही.

तोंडी ठरलेले काम असे होते: जमीन खोदून सहा इंच मुरूम दाबून घ्यायचा, त्यावर क्रशरच्या डस्टचा, म्हणजे खडी फोडताना पडणाऱ्या चुऱ्याचा, पातळ थर, त्यावर ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक, आणि पाच वर्षे काही झाले तर मोफत दुरुस्ती. कागदावर एकही ओळ नव्हती. बिलाचा विषय निघाला तेव्हा “बिल घेतलं तर अठरा टक्के जीएसटी लागतोय, कशाला उगीच?” असे उत्तर मिळाले. येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सेवा पुरवणाऱ्या लहान ठेकेदाराची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे नोंदणी नसणे हा गुन्हा नव्हे. मात्र नोंदणी नसलेल्या माणसाला जीएसटी आकारताही येत नाही. म्हणजे नोंदणी असेल तर त्याने कर भरून बिल द्यायला हवे, आणि नसेल तर ‘अठरा टक्के वाचवून देतो’ या म्हणण्याला अर्थच उरत नाही, कारण साधे बिल तो कराविना देऊ शकतो. महाराष्ट्रातील जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, त्याची सुरुवात २७ ने होते आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. बिल नाकारण्याचा खरा परिणाम एवढाच की काय द्यायचे ठरले होते, याचा पुरावा राहत नाही.

पैसे असे गेले: विसार म्हणून २५ हजार रुपये, आणि ब्लॉकचा ट्रक दारात उभा राहिला त्या दिवशी ४० हजार. दोन्ही रकमा यूपीआयने दिल्या, पण खाते ठेकेदाराच्या नावाचे नव्हते. ‘भावाचं आहे’ असे सांगण्यात आले. ८६४ चौरस फुटांचे ९० रुपयांप्रमाणे ७७,७६० रुपये होतात. म्हणजे एकही ब्लॉक जमिनीवर बसण्याआधी सुमारे ८४ टक्के रक्कम देऊन झाली होती आणि घरमालकांच्या हातात दाब आणण्याचे साधन जेमतेमच उरले होते.

काम चालू असताना दिसलेल्या खुणा

या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटलेली खूण लोखंडी फाटकाची आहे. काम संपता संपता फाटक नव्या ब्लॉकला घासू लागले आणि ते पूर्ण उघडेना. तेव्हा ठेकेदाराने वेल्डर आणून फाटकाची खालची पट्टी कापून दिली, तीही फुकट, आणि घरच्यांना तो त्याचा चांगुलपणा वाटला. वास्तविक फाटक घासते याचा अर्थ जमीन पुरेशी खोदलीच नव्हती. हिशेब साधा आहे. सहा इंच म्हणजे १५० मिलिमीटर मुरूम, सुमारे ४० मिलिमीटर डस्ट आणि ६० मिलिमीटरचा ब्लॉक मिळून २५० मिलिमीटर होतात, म्हणजे दहा इंच. वाट जुन्याच पातळीवर ठेवायची तर दहा इंच खोदायला हवे. ८६४ चौरस फुटांवर दहा इंच खोदले तर ७२० घनफूट, म्हणजे ७.२ ब्रास माती निघते, आणि खोदलेली माती सुटी होऊन फुगते, त्यामुळे वाहून न्यायला ती नऊ ब्रासच्या आसपास भरते. ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण एक ब्रासची धरली तरी आठ-नऊ ट्रॉल्या माती बाहेर जायला हवी होती. घरच्यांच्या आठवणीप्रमाणे एकच ट्रॉली गेली. कोणतेही तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही विचारता येईल असा प्रश्न हा आहे: खोदलेली माती कुठे गेली?

मुरमाचा हिशेबही याच पद्धतीने निघतो. दाबल्यानंतर सहा इंच उरायला हवा तर ४३२ घनफूट, म्हणजे ४.३२ ब्रास दाबलेला मुरूम लागतो. दाबताना तो बसतो, म्हणून सुटा मुरूम पंचवीस-तीस टक्के जास्त, म्हणजे साडेपाच ब्रासच्या घरात आणावा लागतो. दारात दोन ट्रॉल्या आल्या. त्यावर पाणीही मारले नाही. कोरड्या मुरमावर छोटा कंपॅक्टर एकदाच फिरवला. कोरडा मुरूम नीट दबत नाही आणि पाण्याने चिखल झालेलाही दबत नाही. ओलसर करून थराथराने दाबावा लागतो, आणि दोन पातळ थर दाबणे हे एक जाड थर दाबण्यापेक्षा केव्हाही चांगले.

मुरूम कमी पडल्यामुळे राहिलेले खळगे डस्टने भरून पातळी जुळवली गेली. ब्लॉकखालचा डस्ट किंवा वाळूचा थर हा गादीपुरता असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ६३ या मार्गदर्शिकेत तो दाबल्यावर २० ते ४० मिलिमीटर ठेवण्यास सांगितले आहे आणि खळगे भरण्यासाठी तो वापरू नये असेही स्पष्ट केले आहे. कारण उघड आहे: पाणी शिरले की डस्ट हलते, आणि जेथे तिचा थर जास्त तेथे वाट अधिक खचते. याशिवाय वाटेच्या दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी किंवा कर्ब दिलेला नव्हता. शेवटच्या दिवशी सांध्यांवर सिमेंटचे पाणी ओतून ‘आता दगडासारखं झालं’ असे सांगण्यात आले. पेव्हर ब्लॉकचे सांधे बारीक कोरड्या वाळूने भरायचे असतात. वाळूमुळे ब्लॉक एकमेकांना धरून ठेवतात आणि थोडी हालचालही सोसतात, तर सिमेंटचा पातळ थर पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो आणि तोवर खालचा दोष झाकून ठेवतो.

शेवटचे बिल तोंडीच सांगितले गेले: १,०१० चौरस फूट. ही मोजणी करताना पायऱ्या, फुलझाडांचा वाफा आणि फाटकाबाहेरचा उतार, असे सगळे त्यात धरले होते. वाढीव १४६ चौरस फुटांचे १३,१४० रुपये होतात, म्हणजे जीएसटीत ‘वाचवून’ दिलेल्या जवळजवळ १४ हजारांपैकी बहुतेक रक्कम मोजपट्टीतून परत मागितली गेली. या टप्प्यावर, शिक्षिका असलेल्या सूनबाईंनी सुट्टीत आल्यावर स्वतः टेप धरून मोजले आणि उरलेले पैसे देण्यास नकार दिला. पुढे जे काही परत मिळाले, ते या एका नकारामुळे मिळाले.

उकलून पाहिल्यावर

सोलापुरात पावसाचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो. जून-जुलैच्या सरींत वाट टिकली. सप्टेंबरात शेडच्या तोंडाशी आणि डाव्या कडेला ब्लॉक दोन-अडीच इंच खाली गेले, कडेचे ब्लॉक बाहेर सरकले आणि पाणी घराच्या जोत्याकडे वळले. ऑक्टोबरात आम्ही तीन जागा उकलल्या. ब्लॉकची जाडी ५० मिलिमीटर निघाली. डस्ट ९० ते ११० मिलिमीटर होती. मुरूम जेमतेम दोन इंच, आणि त्याखाली जुन्या गवताच्या मुळांसकट काळी माती तशीच होती.

ठेकेदाराचे म्हणणे असे की टँकर आत आणल्यामुळे वाट खचली. या म्हणण्याचा विचार न करता ते झटकून टाकणे योग्य ठरले नसते. पाच हजार लिटर पाण्याचेच वजन पाच टन होते, आणि घरगुती वाटेसाठी बसवलेले ब्लॉक अशा वाहनासाठी नसतात. टँकर रोज येणार असेल तर ८० मिलिमीटरचा ब्लॉक आणि खाली खडीचा भक्कम थर लागतो. पण उकललेल्या तीन जागांपैकी एक शेडच्या आत होती, जेथे टँकर जाऊच शकत नाही, आणि तेथेही ब्लॉक तितकेच खचले होते. ही तिसरी जागा मुद्दाम तेथे निवडली होती. वाद होणार असेल तर दोषाची जागा तर दाखवावीच, पण समोरचा जी सबब सांगणार ती जेथे लागू पडत नाही अशी जागाही उकलून, टेप लावून, छायाचित्रांसह नोंदवून ठेवावी.

ब्लॉकच्या जाडीबाबतही नेमकेपणा हवा. पेव्हर ब्लॉकसाठीच्या आयएस १५६५८ या भारतीय मानकात घरगुती वाटेसाठी एम-३० प्रतीचा (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद दाखवतो) ५० मिलिमीटर ब्लॉक चालतो. वाहनतळ आणि वसाहतीतील हलक्या रहदारीसाठी एम-३५ प्रतीचा ६० मिलिमीटर आणि मध्यम रहदारीसाठी एम-४० प्रतीचा ८० मिलिमीटर सांगितला आहे. तेव्हा ५० चा ब्लॉक मुळातच वाईट, असे म्हणता येत नाही. तक्रार एवढीच की पैसे ६० चे घेतले. जाडीत ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक मानकाला मान्य आहे, १० मिलिमीटरचा नाही. हा फरक माल उतरताना वजनावरूनही पकडता आला असता: ८६४ चौरस फूट म्हणजे ८०.३ चौरस मीटर, आणि तेवढ्या जागेसाठी ६० मिलिमीटरचे ब्लॉक ११ ते साडेअकरा टन भरतात, तर ५० चे नऊ ते साडेनऊ टन. वजनकाट्याची पावती मागितली असती तर दीड-दोन टनांची तूट तेथेच दिसली असती.

ब्लॉक कारखान्यात नीट बनले होते का, हेही पाहिले. तीन ब्लॉक उन्हात वाळवून, वजन करून, दिवसभर पाण्यात बुडवून पुन्हा तोलले. मानकाप्रमाणे सरासरी शोषण सहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, म्हणजे तीन किलोच्या ब्लॉकने १८० ग्रॅमपेक्षा अधिक पाणी पिऊ नये. हे ब्लॉक त्या मर्यादेत होते. उन्हात वाळवलेल्या ब्लॉकमध्ये थोडा ओलावा राहतोच, त्यामुळे या घरगुती चाचणीत नापास झालेला ब्लॉक नक्की वाईट असतो, पण पास झालेला नक्की चांगला असे म्हणता येत नाही. म्हणून काही नमुने प्रयोगशाळेतही दाबून घेतले आणि ते एम-३० ला उतरले. ब्लॉक पुरवणाऱ्याचा यात दोष नव्हता, हे सांगणे न्यायाचे आहे.

पैसे परत मिळवताना

पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असे उत्तर मिळाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक सिद्ध होण्यासाठी सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. काम वाईट झाले एवढ्याने तो सिद्ध होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा मार्ग अधिक सरळ होता. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रारदार जेथे राहतो तेथेच ती दाखल होते. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, अडचण फक्त पुराव्याची. येथे व्हॉट्सॲपवर ठेकेदाराने पाठवलेला ‘६० एमएम ब्लॉक, ६ इंच मुरूम, ९० रु.’ हा एक संदेश शिल्लक होता, यूपीआयच्या नोंदी होत्या आणि उकललेल्या जागांची मोजमापे होती.

या तिन्हींच्या प्रतींसह नोटीस स्पीड पोस्टाने पाठवली. पंधरवड्याच्या आत ठेकेदार आला. “खड्डे भरून देतो, काका, विषय संपवा,” असे तो म्हणाला. वरून डस्ट टाकून ब्लॉक पुन्हा बसवण्याला मी स्पष्ट विरोध केला, कारण खाली गवताची मुळे तशीच राहणार होती. अखेर उरलेले १२,७६० रुपये मागायचे नाहीत आणि १५ हजार परत करायचे, असे लेखी ठरले आणि तसे झाले. आयोगात गेले असते तर अधिक मिळाले असते असे मला वाटते, पण त्या दोघांचे वय आणि तारखांना जाण्याचा त्रास पाहता त्यांचा निर्णय मी चुकीचा मानत नाही. याच काळात मजुरी न मिळालेले दोन मजूरही फाटकावर आले होते. त्यांचा राग घरमालकांवर निघाला, आणि ती माणसे ठेकेदाराने घरमालकांइतकीच फसवली होती, हे विसरता येत नाही.

दुसरा करार

फेब्रुवारीत, ११५ रुपये दर सांगणाऱ्या पहिल्या ठेकेदारालाच बोलावले. पेव्हर ब्लॉक उचलून पुन्हा वापरता येतात, हा काँक्रीटच्या वाटेपेक्षा त्यांचा मोठा फायदा; त्यामुळे ब्लॉक तेच ठेवले आणि टँकर यापुढे रस्त्यावर उभा करून नळीने हौद भरायचा, असे ठरले. या वेळी करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर झाला आणि त्यात चौरस फुटाच्या दराआधी थरांची जाडी लिहिली: दहा इंच खोदाई व माती बाहेर नेणे, सहा इंच मुरूम दोन थरांत ओलसर करून दाबणे, ४० मिलिमीटरपर्यंत डस्ट, दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी, आणि १२ फूट रुंदीत घरापासून बाहेरच्या बाजूला तीन इंच उतार. जुना ब्लॉक दहा मिलिमीटर पातळ असल्याने खोदाईही तेवढीच कमी चालली असती, पण ठेकेदारानेच मुरूम थोडा वाढवू असे सुचवले.

पैसे थरांना बांधले होते. विसार दहा टक्के. खोदाई संपून घरमालकांनी दोरी ताणून खोली मोजल्यावर वीस. मुरूम दाबून झाल्यावर आणि त्यात दोन जागी पहार मारून जाडी पाहिल्यावर तीस. ब्लॉक बसून, सांधे वाळूने भरून आणि पाणी ओतून उतार तपासल्यावर तीस. उरलेले दहा पावसाळ्यानंतर. पुढचा थर टाकण्याआधी मागचा दाखवायचा, न दाखवता झाकलेला थर स्वखर्चाने उकलायचा, आणि मोजणी दोघांनी मिळून टेपने करायची, या अटी त्याने विनातक्रार मान्य केल्या. खोदताना एका कोपऱ्यात जुना शोषखड्डा लागला तेव्हा जादा खर्चाचा प्रश्न आला. तो काम थांबवून, आकडा कागदावर लिहून, दोघांच्या सह्या झाल्यावरच पुढे नेला.

सप्टेंबरच्या पावसानंतर शेडच्या तोंडाशी सांध्यांतील वाळू थोडी वाहून गेलेली दिसली. ठेकेदाराने ती पुन्हा भरून कंपॅक्टर फिरवला, उतार पाण्याच्या नळीने तपासून दाखवला आणि ऑक्टोबरात राखून ठेवलेली दहा टक्के रक्कम बिलावर पावती घेऊन त्याला देण्यात आली.